मदत हवी आहे: 'क' शब्दात येतो, वर्गात बोलताना पुन्हा 'त' होतो

नमस्कार मंडळी, शाळेत काम करणाऱ्या वाचा-भाषा तज्ज्ञांना विचारतेय. माझ्याकडे येणारी एक मुलगी दुसरीत, मराठी माध्यम. क-ग च्या जागी त-द: 'काका'चं 'ताता', 'गार'चं 'दार'. श्रवण तपासणी नॉर्मल, टाळू आणि जिभेची हालचाल ठीक.

आधी जिभेचं टोक स्पॅच्युलाने (जीभ दाबायच्या चपट्या काडीने) खालच्या दातांमागे दाबून 'क' काढला. मग शेवटी 'क' असलेले शब्द (नाक, चाक), त्यानंतर 'कू', 'को' ने सुरू होणारे, कारण ऊ-ओ ला जीभ आधीच मागे जाते. 'नाक-नात', 'कार-तार' या जोड्या चित्रांवर ती बिनचूक ओळखते आणि बोलतेही. वाक्यात मात्र घसरते. बालभारतीचं पुस्तक मोठ्याने वाचताना तर सगळ्यात जास्त; अक्षर जुळवण्यातच लक्ष जातं, उच्चाराकडे उरत नाही असं मला वाटतं. भर म्हणजे आता 'ताट'चं 'काट' व्हायला लागलंय. वहीतही 'कमळ'चं 'तमळ' लिहिते, म्हणजे अडचण फक्त जिभेची नाही.

आठवड्यातून दोन तासिका मिळतात, तीन मुलांचा गट, आणि बाकी दोघांचं ध्येय वेगळं (एकाचा 'र', एकाचं अडखळणं).

१) 'ताट' बिघडतंय, तर क-त जोड्या थांबवून काही दिवस फक्त त चे शब्द घ्यावेत, की दोन्ही मिसळून?
२) वर्गशिक्षिकेला रोज करता येईल असं, दोन मिनिटांत बसणारं काय द्यावं? सगळ्यांसमोर टोकलं की ती गप्पच बसते, ते अजिबात नको.
३) अशा मिश्र गटात तासिका कशी वाटता?