ऑटोइम्यून हेपॅटायटिस असताना पायांवर जांभळट ठिपके: रक्तवाहिन्यांच्या दाहाशी संबंध असतो का?

प्रश्न (अमळनेर):
माझ्या आईला ऑटोइम्यून हेपॅटायटिस (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा यकृताचा दाह) असून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) व अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू आहे. स्टेरॉइडचा डोस उतरवल्यापासून तिच्या पोटऱ्यांवर जांभळट, हाताला लागणारे ठिपके उठतात. आमच्या डॉक्टरांना व्हॅस्क्युलायटिसची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाची, शंका आहे. नातेवाईक मात्र अंगातली उष्णता म्हणून गुळवेलीचा काढा सुचवतात. यकृताच्या आजाराचा याच्याशी खरोखर संबंध असतो का?

उत्तर (फिजिशियन, धुळे):
ताई, संबंध असू शकतो, जरी तो क्वचित आढळतो. जी प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर उलटते, तीच काही रुग्णांत थायरॉइडवर, सांध्यांवर आणि फार थोड्यांत लहान रक्तवाहिन्यांवरही उलटते. ठिपक्यावर काचेचा पेला दाबून पाहा. रंग फिका होत नसेल तर रक्त त्वचेत उतरलेले आहे. त्यातही ठिपका उंच असेल तर दाहाची शक्यता वाढते आणि सपाट असेल तर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आधी पाहाव्यात, कारण सिरोसिसमध्ये (यकृत कायमचे कडक झाल्यावर) प्लीहा वाढली की त्या कमी होतात. निदान पक्के होते ते ताज्या, शक्यतो एक-दोन दिवसांच्या ठिपक्यातून घेतलेल्या त्वचेच्या बायोप्सीने (छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीने). त्याआधी लघवीतील प्रथिने व रक्त आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) अवश्य तपासा, कारण मूत्रपिंडाला दाह झाला तरी बहुधा काहीच दुखत नाही. हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणीही हवी. सी विषाणूमुळे क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारी रक्तातील प्रथिने) तयार होऊन अगदी असेच ठिपके येतात आणि तिथे मुख्य उपचार विषाणूवरचा असतो.

प्रश्न (शहादा):
माझ्या बहिणीलाही हाच यकृताचा आजार आहे. तिचा पी-अँका (व्हॅस्क्युलायटिसच्या शंकेत तपासली जाणारी रक्तातील प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आला, तेव्हा आम्ही व्हॅस्क्युलायटिस झालाच असे धरून बसलो होतो. तसे समजावे का?

उत्तर (फिजिशियन, धुळे):
नाही. ऑटोइम्यून हेपॅटायटिसमध्ये रक्तवाहिन्यांना दाह नसतानाही पी-अँका पुष्कळदा सापडतो. त्यामुळे एकट्या त्या अहवालावर निदान करू नये. अमळनेरच्या ताईंनी काढा मात्र कृपया देऊ नये. गुळवेल घेतल्यानंतर ऑटोइम्यून स्वरूपाची यकृताची इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे.

प्रश्नकर्ती (अमळनेर):
आभारी आहे, डॉक्टर. पेला दाबून पाहिला, रंग तसाच राहिला. लघवीची तपासणी उद्याच करून घेते. तोवर स्टेरॉइड मनाने वाढवावे का?

उत्तर (फिजिशियन, धुळे):
वाढवू नका आणि बंदही करू नका. लघवी लालसर दिसली, पोटात कळ आली किंवा पाऊल लुळे पडले, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.