वडिलांच्या जुन्या कॉलेजच्या इमारतीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परभणीत माझे वडील ज्या इमारतीत शिकले, तिथं आता एका कंपनीचं ऑफिस आहे. परवा आत जायला मिळालं. प्रयोगशाळेच्या दगडी ओट्यावर प्रिंटर मांडलेत, पण ॲसिडचे डाग अजून तसेच आहेत. त्यावरून हात फिरवला आणि गलबलून आलं.

ही इमारत कुणी, कधी बांधली ते शोधायचंय. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असायची. मग जुनी कागदपत्रं तिकडे मिळतील का? अर्ज कुणाकडे करायचा? सिटी सर्व्हेतल्या उर्दू नोंदी कुणी वाचून घेतल्यात का? वडील आता ऐंशीचे आहेत. कॉलेजच्या वार्षिकांकाची जुनी प्रत किंवा फोटो कुणाच्या घरी असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन बघीन.