स्टॅटिनची गोळी सुरू असताना एसजीपीटी वाढले. गोळी बंद करावी का?

सेलूकर:
माझ्या वडिलांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला असून तेव्हापासून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे. नुकत्याच केलेल्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताचे एन्झाइम) ९२ आले. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ४० आहे. बिलिरुबिन (काविळीत वाढते ते) ठीक आहे. या गोळीने लिव्हर खराब होते, असे गावात कोणीतरी सांगितल्यापासून ते ती घ्यायला तयार नाहीत. कोलेस्टेरॉलही आता नॉर्मल आले आहे. मग गोळी थांबवली तर चालेल का?

फिजिशियन, लातूर:
कृपया परस्पर थांबवू नका. कोलेस्टेरॉल नॉर्मल आले ते गोळीमुळेच, आणि स्टेंटनंतर ती सोडल्यास पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. स्टॅटिन यकृतातच काम करते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः मोठ्या मात्रेत, एसजीपीटी थोडे वाढलेले दिसते आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच उतरते. आम्ही सावध होतो ते आकडा मर्यादेच्या तिपटीवर, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेच्या हिशेबाने १२० वर, गेला आणि फेरतपासणीतही तसाच राहिला तर. तेव्हा मात्रा कमी करतात किंवा दुसरे स्टॅटिन देतात. यकृताला गंभीर इजा होणे इतके विरळ आहे की अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये ठरावीक काळाने एन्झाइम तपासत राहण्याची शिफारसच काढून टाकली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे गरज वाटेल तेव्हा तपासणी पुरेशी मानली. फॅटी लिव्हर असले तरी केवळ तेवढ्यासाठी ही गोळी नाकारण्याचे कारण नाही.

मेडिकल दुकानदार, उदगीर:
एसजीपीटी वाढण्याला दुसरे काही कारण आहे का, हेही पाहावे. दारू, टीबीची औषधे, दुखण्यावर जादा घेतलेले पॅरासिटामॉल. ग्राहक काढा आणि चूर्ण यांना औषध समजत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना ते सांगितलेच जात नाही. शेतात अंगमेहनतीचे काम झाले असेल तर स्नायूंमुळेही ही एन्झाइम वाढतात. अशा वेळी डॉक्टर सीपीके (स्नायूंच्या एन्झाइमची रक्ततपासणी) करायला सांगतात.

सेलूकर:
दारू नाही. मात्र पावसाळ्यापासून ते रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. हे आम्ही कोणत्याच डॉक्टरांना सांगितले नव्हते.

फिजिशियन, लातूर:
मग आधी काढा थांबवा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना हा रिपोर्ट आणि काढ्याची माहिती दोन्ही द्या, आणि फेरतपासणी कधी करायची ते त्यांनाच ठरवू द्या. मधल्या काळात डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे असे काही जाणवले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. आपल्याकडे टँकरच्या पाण्याच्या दिवसांत काविळीचा दोष गोळीला देण्यापूर्वी दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांचीही तपासणी करून घ्यावी लागते.