हॉस्टेलात तुमचा पार्टनर कुणी ठरवला? अनुभव लिहा

वाळवण
काल लेकीचा हॉस्टेलचा फॉर्म भरला. किती वाजता झोपता, शाकाहारी की मांसाहारी, पहाटे उठून अभ्यास करता का, सगळं विचारलंय. मला १९९४ चा आमचा नोटीस बोर्ड आठवला. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने यादी, दर तीन नावांखाली रेघ, झाली रूम! आमच्या खोलीत तिघी पाटील. एक चोपड्याची, एक कागलची, मी अलिबागची. रेक्टरबाईंच्या ऑफिसात फोन आला की शिपाईमामा खालून ओरडायचे, "पाटील, फोन!" तिघी जिन्यावरून धावत. जिचा फोन नसेल ती तिथेच बाकावर बसून राहायची. चोपड्याच्या पाटीलचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही आम्ही दोघी त्याच बाकावर होतो. तिची बॅग आम्ही भरली, एसटीत बसवून दिलं. आजही तिच्याकडे कार्य असलं की मी आदल्या दिवशी हजर. लेकीला असं कुणी मिळेल ना, हेच डोक्यात घोळतंय.

पंचगंगाकाठ
कागलची पाटील?? कुठल्या गल्लीतली? माझी मावशी तिथलीच.

वाळवण
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

खालची_गादी
विद्यापीठाच्या यादीत माझं नावच नव्हतं. मी पॅरासाइट. गावच्या मित्राच्या रूमवर दोन कॉटच्या मधे गादी टाकून दोन वर्षं काढली. खरा हक्क त्याच्या पार्टनरचा, लातूरचा होता तो. त्याने एक तक्रार केली असती तर मी बाहेर. पहिल्या रात्री त्याने स्वतःची सोलापुरी चादर माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "पंख्याखाली गारठशील." अजून काय लिहू.

टेबललॅम्प
आमचं सदाशिव पेठेत कॉट बेसिस. मालक ज्याला कॉट देतील तो पार्टनर. मला एमपीएससीवाला दादा मिळाला. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवतात, यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत. योग्यच आहे. पण मला गणित त्या दादानेच शिकवलं.

निळी_ट्रंक
मी वाळवणताईंच्या उलट लिहिते. आमच्याकडेही यादीनेच रूम मिळाली. पहिल्या दिवशी पार्टनरच्या आईने आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. बाबा ट्रंक कॉटखाली सरकवत होते, ते तसेच वाकलेले थांबले. दुसऱ्या दिवशी पार्टनर शेजारच्या रूममध्ये. सेमिस्टरभर समोरची कॉट रिकामी होती. मी त्यावर पुस्तकं ठेवायचे, म्हणजे रिकामी दिसू नये.

खालची_गादी
ताई, वाचून गलबललं.

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढली, ती बरीचशी जातवार, कारण पोरांना शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. त्यांतल्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील राहिले. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र, एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. आमचे आजोबा रयतच्या बोर्डिंगातले. शेजारच्या वळकटीवाल्याचं आडनाव त्यांना कित्येक महिने ठाऊक नव्हतं. आणि आज शिकलेले आईबाप रेक्टरला फोन करून "आपल्यातली मुलगी बघा" सांगतात! फार राग येतो.

डॅलसची_दुपार
इकडे येताना व्हॉट्सअॅप ग्रुपवर शीट होती: व्हेज, नॉनव्हेज, फक्त अंडं चालेल. चौघं "फक्त अंडं"वाले एकत्र आलो. तिसऱ्या आठवड्यात चिकन शिजलं 😄

भरीतपार्टी
चोपड्याची पार्टनर म्हणजे कळण्याची भाकरी आणि ठेचा आला असेल डब्यात?

वाळवण
दर दिवाळीनंतर! भाकऱ्या तिसऱ्या दिवशी कडक व्हायच्या, तरी सोडायचो नाही.
निळी_ट्रंक, तुझं वाचून लेकीला हाक मारली. फॉर्ममध्ये शेवटी "पार्टनरबद्दल काही अपेक्षा?" असा रकाना आहे, मी "घरगुती वळणाची" लिहिलं होतं. तिने खोडलं. कुकर झालाय, बाकी रात्री लिहिते.

निळी_ट्रंक
वाट बघते. दुसऱ्या वर्षी समोरची कॉट भरली, तेही लिहायचंय.