अमेरिका दाखवायची तर कारच हवी का?

खिडकीतला

मे महिना आला की इथल्या मराठी घरांत ठरलेला बेत शिजतो. आई-बाबा येणार, सात जणांची व्हॅन भाड्याने घ्यायची, पहाटे पाचला निघायचं. थर्मासात चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मधल्या सीटवर पाय आखडून बसलेले सत्तरीचे दोन जीव. दिवसाला पाचशे-सहाशे मैल. रात्री मोटेलात पोचल्यावर "आज काय पाहिलं?" असं विचारा, प्रामाणिक उत्तर एकच येईल: रस्ता.

माझं म्हणणं असं की लांबचा पल्ला रेल्वेने करावा. कॅलिफोर्निया झेफर या गाडीचंच बघा. शिकागो ते एमरिव्हिल, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं गाव. २,४३८ मैल, वेळापत्रकाप्रमाणे जवळपास ५२ तास. शिकागोहून दुपारी निघते, नेब्रास्काची सपाटी झोपेत मागे पडते आणि सकाळी डेन्व्हर येतं. तिथून लख्ख उजेडात रॉकी पर्वत चढायला लागते. १९२८ साली खुला झालेला सहा मैलांचा मॉफॅट बोगदा ओलांडला की पुढे कितीतरी तास कोलोरॅडो नदी सोबत असते, आणि मधल्या बऱ्याच भागात शेजारी हायवेही नसतो. तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडा, तोही दिवसाढवळ्या. काचेच्या मोठ्या खिडक्यांचा लाउंजचा डबा सगळ्यांसाठी खुला असतो.

आणि "ट्रेन राष्ट्रीय उद्यानांपर्यंत जात नाही" हेही अर्धवट ज्ञान आहे. मोंटानातल्या ग्लेशियरला एम्पायर बिल्डर ही गाडी थेट दारात सोडते. योसेमिटीसाठी मर्सेडपर्यंत ट्रेन, पुढे उद्यानात नेणारी यार्ट्सची बस. ग्रँड कॅन्यनला विल्यम्स गावातून कड्याजवळ नेणारी स्वतंत्र रेल्वे आहे. अ‍ॅमट्रॅकचा, म्हणजे या गाड्या चालवणाऱ्या राष्ट्रीय रेल्वे कंपनीचा, ४९९ डॉलरचा पास घेतला तर ३० दिवसांत १० टप्पे करता येतात, आणि शिकागो ते एमरिव्हिल हा अख्खा प्रवास एकच टप्पा धरतात.

चौथा_गिअर

साफ असहमत. वर्णन वाचून डोळे पाणावले, पण पाहुण्यांची यादी बघा ना. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, वेगस, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन. वेगसला १९९७ पासून प्रवासी ट्रेनच नाही. फीनिक्ससारख्या महानगराला अ‍ॅमट्रॅकचं स्टेशन नाही, तीसेक मैलांवरच्या मॅरिकोपाला उतरा. यलोस्टोनचं तर नावच काढू नका, उद्यानाच्या आतही सार्वजनिक बस नाही.

शिवाय झेफर दिवसातून एकदाच. चुकली की उद्या. ईशान्य सोडली तर बहुतेक रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे. झेफरसाठी डेन्व्हरपर्यंत बीएनएसएफचे, पुढे युनियन पॅसिफिकचे. कायदा सांगतो की प्रवासी गाडीला आधी वाट द्या. पण मालगाड्या आता इतक्या लांब झाल्यात की बऱ्याच ठिकाणी बाजूच्या रुळावर मावतच नाहीत. मग बाजूला कोण होणार? प्रवासी गाडी. कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला ताटकळलेल्यांना वेगळं सांगायला नको, फक्त इथे मालगाडीला आधी सिग्नल मिळतो असं समजा.

आणि ५२ तास झोपणार कुठे? पासवर बसायची सीट मिळते, झोपायला बर्थ नाही. रूमेट, म्हणजे दोन बर्थची छोटी खोली, घ्याल तर दोघांचं भाडं विमानाच्या कितीतरी पट, त्यात संडास बाहेर सामाईक, आणि दुसरा बर्थ वर, छताला लागून. सत्तरीच्या बाबांना तिथे चढवणार?

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधले तेव्हापासून या देशाची घडीच रस्त्यांवर बसली आहे. सम आकड्यांचे पूर्व-पश्चिम, विषम आकड्यांचे उत्तर-दक्षिण, कुणीही हरवत नाही. मोन्युमेंट व्हॅलीत सूर्य कलताना कार बाजूला घेऊन अर्धा तास नुसतं उभं राहायचं, हे कुठल्या ट्रेनमध्ये जमतं?

सातारकर_आजी

वरच्या बर्थचं मी बघेन, तुम्ही चिंता करू नका.

व्हॅनच्या मधल्या सीटवर बसलेली बाई म्हणून दोन शब्द. लेक स्टिअरिंगवर, सून फोनवरच्या नकाशात, नातवंडं कानांत बोळे घालून. आम्ही दोघं मागे. लेकाशी बोलायला गेलं की "आई, एक्झिट येतेय, थांब." वर्षातून मोजून मिळणारी त्याची सुट्टी, ती तो लेन बदलण्यात घालवतो. संध्याकाळी त्याची पाठ धरलेली असते, मी बाम चोळते. तुम्ही दोघं बाकीचे सगळे हिशेब मांडता, पण चालवणाराही सुट्टीवर आलेला असतो, हे कुणीच लिहिलं नाही.

मोन्युमेंट व्हॅली मात्र सुंदर. तिथे कारच हवी, हे मान्य.

मुक्काम_डेन्व्हर

आजी, नमस्कार. तुमच्या लेकाची बाजू पटली, पण त्यावर ट्रेन हा उपाय नाही. शिकागो ते डेन्व्हर विमानाने अडीच तास, ट्रेनने अठराच्या आसपास. दोन-तीन आठवड्यांची रजा जुळवलेल्या नोकरदाराला हा फरक परवडत नाही. मी सगळ्यांना एकच सांगतो: लांबचं अंतर उडा, कार फक्त जिथे तिच्यावाचून अडतं तिथेच घ्या. आमच्याकडे डेन्व्हरला विमानतळावरून शहराच्या मधोमध युनियन स्टेशनला २०१६ पासून ट्रेन आहे, ३७ मिनिटांत पोचवते. डाउनटाउनच्या दिवसांत कार घेऊन निव्वळ पार्किंगचे पैसे भरायचे. डोंगरात जायच्या दिवशी सकाळी कार घ्या. झायन राष्ट्रीय उद्यानात तर हंगामात दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी कारला बंदीच असते, शटलनेच जावं लागतं.

विमानाचं तिकीट थेट कंपनीकडून, उड्डाणाच्या किमान सात दिवस आधी काढलं, तर साधारणपणे २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागा, तिचे पैसे लागत नाहीत. सगळ्यात स्वस्त भाड्यात बॅगेचे पैसे वेगळे असतात, ते मिळवून मगच तुलना करा. नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेलं तिकीट लोणच्याच्या बरण्यांमुळे महाग पडतं.

खिडकीतला

उडण्याचा हिशेब अर्धा मांडलाय. अडीच तासांचं उड्डाण, त्याआधी दोन तास विमानतळ, तपासणीत पट्टा-लॅपटॉप, नंतर बॅगेची वाट आणि शहरात यायचा प्रवास. अर्धा दिवस गेलाच. आणि ३५ हजार फुटांवरून नेब्रास्का आणि रॉकी सारखेच दिसतात.

चौथा_गिअर, उशिराचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. म्हणून ज्या दिवशी झेफर पोचते त्याच दिवशी पुढचं विमान ठेवू नये. पण उशीर झाल्यावर तुम्ही कुठे अडकता? जेवणाच्या डब्यात, नदीकाठी. तुमच्या महामार्गावर अपघाताने रांग लागली की कुठे अडकता?

बिनगाडीचा

तुमच्या सगळ्यांच्या घरात कार आहे, म्हणून एवढी ऐट. मी विद्यार्थी, वय २३. पंचविशीच्या आत कार भाड्याने घेतली की दिवसागणिक जादा आकार लागतो. त्यामुळे आपली बस. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन बस चार-पाच तास, ट्रेन साडेतीनच्या आसपास, पण ऐनवेळी तिकीट काढलं तर ट्रेनचे भाव डोळे फिरवतात. ग्रेहाउंड १९१४ ची, मिनेसोटात सुरू झालेली, २०२१ मध्ये फ्लिक्सबसवाल्यांनी घेतली. अनेक शहरांत तिची जुनी बसस्थानकं विकली गेली, आता फुटपाथवर उभं राहून वाट बघायची. जानेवारीत ते कसं असतं ते विचारू नका. मी मित्रांबरोबर खुशाल जातो. रात्रीच्या बसने आईला पाठवणार नाही.

चौथा_गिअर

@बिनगाडीचा, बॉस्टन ते वॉशिंग्टन या पट्ट्यात मीही ट्रेनच घेतो. तिथले बहुतेक रूळ अ‍ॅमट्रॅकचे स्वतःचे, गाड्याही भरपूर. मॅनहॅटनमध्ये कार नेणाऱ्याला मी मित्र मानत नाही. वाद मिसिसिपीच्या पश्चिमेचा आहे.

हडपसरचा_पाहुणा

आमचं इथे कुणी नाही, नवरा-बायको दोघंच सप्टेंबरमध्ये पुण्याहून येतोय. कार मी चालवणार. भारतीय परवाना चालतो का?

चौथा_गिअर

@हडपसरचा_पाहुणा, बहुतेक राज्यांत पर्यटकाला चालतो, पण नियम राज्यागणिक वेगळे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, वर्षभर वैध असतो, भाड्याच्या काउंटरवर वाद टळतो. मूळ परवाना सोबत हवाच. कॅलिफोर्निया तर तो मूळच बघतं. विमा नीट वाचा: संकेतस्थळावर दिसणाऱ्या भाड्यात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई धरलेली असेलच असं नाही. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली तर वेगळा आकार पडतो, कधीकधी भाड्याइतका. पंपावर कार्ड घातलं की मशीन झिप कोड (इथला पिनकोड) मागतं, भारतीय कार्ड तिथे अडतं, मग आत जाऊन आधी पैसे द्यायचे. आणि पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून थांबली की थांबायचंच, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा. हे पुण्यात शिकवत नाहीत.

मुक्काम_डेन्व्हर

@हडपसरचा_पाहुणा, आणि पहिल्याच दिवशी चालवू नका. वीस तासांच्या प्रवासानंतर रस्त्याच्या उजव्या बाजूने कार हाकणं हा शहाणपणा नाही.

सातारकर_आजी

लेकाला हा सगळा धागा वाचायला दिला. म्हणतो, झेफर पूर्ण नको, रजा नाही. मधला चांगला तुकडा कुठला?

मुक्काम_डेन्व्हर

आजी, इतकं बोलून हे लिहायला जीभ जड होतेय, पण डेन्व्हर ते ग्लेनवूड स्प्रिंग्ज. सकाळी बसा, सहा तासांच्या आसपास लागतात. मॉफॅट बोगदा आणि नदी दोन्ही यातच. स्टेशनवरून पूल ओलांडला की गरम पाण्याचा भला मोठा तलाव. लेकाच्या पाठीसाठी बाम लागणार नाही.

खिडकीतला

लाउंजच्या डब्यात जागा राखून मिळत नाही. डेन्व्हर सुटताच वर जाऊन बसा.

चौथा_गिअर

परत यायला त्याच दिवशीची ट्रेन मिळणार नाही. मुक्काम तरी करा, नाहीतर मला सांगा, कार घेऊन येतो.