पी०४२० कोड आलाय. कन्व्हर्टर बदलावाच लागेल का?

पुणेरी_पेट्रोल: २०१४ ची हॅचबॅक, बीएस-४. गाडी झकास पळते, ॲव्हरेज पूर्वीइतकंच, पण चेक इंजिनचा दिवा पेटलाय. स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड. गॅरेजवाला म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) गेला, नवा टाका. आकडा ऐकून घाम फुटला. कोड पुसल्यावर दिवा गेला, आठवडाभरात परत हजर. पीयूसी मात्र पास! मग बिघाड नेमका कुठे?

सायलेन्सरवाला_कोल्हापूर: गडबड करू नका राव. कन्व्हर्टर मेलाय की नाही हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थेट बघतच नाही, अंदाज बांधतो. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. इंजिन तापलं की पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो, कारण ईसीयू मिश्रण जरा रिच (पेट्रोल जास्त), जरा लीन (पेट्रोल कमी) करत राहतो. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ते हेलकावे गिळतो, म्हणून मागचा ०.६-०.७ च्या आसपास निवांत बसतो. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला की पी०४२०.

पण मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपांचं) गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, फुटलं किंवा पाइपचं वेल्डिंग सुटलं, तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतात. सकाळी पहिला स्टार्ट मारा, बॉनेट उघडून कान द्या. टकटक येते आणि गरम झाल्यावर दबते? मग जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा शोधा. आम्ही थंड इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावतो अन् जोडांवर साबणाचं पाणी मारतो. बुडबुडे आले की चोर सापडला.

ऑइल कमी होतं का तेही सांगा. ऑइल जाळणाऱ्या इंजिनात नवा कन्व्हर्टरसुद्धा टिकत नाही, ऑइलमधला फॉस्फरस त्याच्या आतल्या थरावर बसतो.

पुणेरी_पेट्रोल: ऑइल लेव्हल जागच्या जागी. टकटक मात्र आहे! पण मग दिवा यायला आठवडा का लागला?

ओबीडी_वेडा: ही तपासणी दर वेळी होत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं, वेग बराच वेळ एकसारखा, असं जुळलं तरच. शहरातल्या सिग्नलांत कुठलं जुळायला! पहिल्यांदा नापास झालं की नुसता पेंडिंग कोड (नोंद होते, दिवा नाही), पुढच्या फेरीत परत नापास झालं की दिवा. पीयूसीवाला नळी खुपसून आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ-एचसी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन मोजतो, कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण कमी झालीय का हे त्याला कळायचं कारण नाही.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र पाय उचला. ते मिसफायरचं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचं लक्षण. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते.

सायलेन्सरवाला_कोल्हापूर: टकटक आहे म्हणजे आधी गॅस्केट. मॅनिफोल्डचे स्टड (बोल्ट) गंजलेले असतील, आदल्या दिवशीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला सांगा, नाहीतर स्टड इंजिनच्या हेडमध्येच तुटतो आणि मग वेगळंच बिल. आणि यापुढे कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड आला तेव्हा वेग, आरपीएम, तापमान काय होतं ते त्यात असतं, आणि पुसलं की तेही जातं.