२०:८० योजनेत अडकलेली घरं: दोष बँकेचा की घेणाऱ्याचा?

हप्तेबहाद्दर: एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर आणि बँकांच्या साटेलोट्याची प्राथमिक चौकशी सीबीआयकडे सोपवली. बरीचशी प्रकरणं नोएडा-गुरुग्रामकडची, पण त्यात मुंबईतले प्रकल्पही आहेत. योजना अशी: २० टक्के तुम्ही भरायचे, ८० टक्के कर्ज बँक थेट बिल्डरला देणार, पझेशनपर्यंतचं व्याज बिल्डर भरणार. त्याने हात वर केले की बँक तुमच्या दारात, कारण कर्ज तुमच्या नावावर. इमारत पाचव्या स्लॅबवरच. माझ्या मते मुख्य दोषी बँक.

कागद_वाचा: का बरं? बिल्डरने चुकवलं तरी फेडायची जबाबदारी कर्जदाराचीच, हे बँक, बिल्डर आणि घेणारा यांच्या त्रिपक्षीय करारात असतं. 'पझेशनपर्यंत नो ईएमआय' वाचून लोकांनी दोन-दोन फ्लॅट बुक केले, भाव चढला की विकून मोकळं व्हायला. त्यांचाही कळवळा?

हप्तेबहाद्दर: गुंतवणूकदार राहू द्या बाजूला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं होतं, पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा. हे बँकांना बजावलं होतं, गिऱ्हाइकांना नव्हे.

निवृत्त_शाखाधिकारी: खरी गोम वेगळीच. बिल्डरला स्वतःच्या नावावर प्रकल्पासाठी कर्ज घ्यायचं तर दर बराच चढा. तेच पैसे पगारदारांच्या नावावर गृहकर्ज म्हणून उचलले की स्वस्तात मिळतात. बँकही खूश: पगारदार माणूस सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडेल या धाकाने हप्ता चुकवत नाही. टार्गेटच्या घाईत साइटवर जाऊन स्लॅब मोजतो कोण! (आमच्या वेळी निदान जाऊन चहा तरी पिऊन यायचे.) शेवटी २०१९ मध्ये नॅशनल हाऊसिंग बँकेला गृहवित्त कंपन्यांनाही अशी कर्जं देऊ नका म्हणून सांगावं लागलं.

कागद_वाचा: मग बांधकाम चालू असलेल्या घरांना कर्जच नको का? तयार घर परवडतं किती जणांना? रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याचं कलम १८ आहे की, व्याजासह पैसे परत मागा.

विरारकर: मागितले. आदेशही मिळाला. वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेली आणि तिथेच अडकली. बिल्डरच्या खात्यात खडखडाट असेल तर वसूल काय करणार? घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहे. हप्ता थांबवला तर सिबिल खराब. तुम्ही काय केलं असतं?

कागद_वाचा: कर्जाची रक्कम कोणत्या तारखेला किती सोडली, याचं विवरण शाखेकडून लेखी मागा. बांधकाम कुठवर आलं याच्या आर्किटेक्टच्या दाखल्यांशी तारखा ताडून पाहा. प्लिंथच्या (जोत्याच्या) आधीच ८० टक्के गेले असतील, तर बँकेला उत्तर द्यावं लागेल.